घरांतला कारखाना : कै. दादासाहेब फाळके

हिंदी चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून धुंडिराज गोविंद फाळके यांचें नांव आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. त्यांच्या नांवानें १९६९ सालापासून दिलें जाणारें पारितोषिकही सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु हा उद्योग जन्मास कोठें आला, असें विचारल्यास पुष्कळांच्या डोळ्यांपुढें एखादी भव्य चित्रशाळा उभी राहील. वास्तविक तो जन्मास आला एका बिऱ्हाडांत. चूल, अंगण आणि मुलांचा गलबला यांच्यामध्यें. त्याला भांडवल मिळालें तें स्नेह्यांच्या विश्वासाचें आणि पत्नीच्या दागिन्यांचें. दादासाहेबांनीं काढलेल्या सर्व चित्रपटांची जंत्री येथें द्यावयाची नाहीं. घरीं जोपासलेली हौस किती दूर जाऊं शकते, तिच्यांत सोबती कसे सामील होतात आणि तिची किंमत कोणाकोणास मोजावी लागते, एवढेंच या लेखांत पाहूं.

धुंडिराजांचा जन्म नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथें ३० एप्रिल १८७० रोजीं झाला. त्यांचे वडील दाजीशास्त्री हे संस्कृताचे गाढे पंडित. पुढें मुंबईस विल्सन कॉलेजांत, म्हणजे स्कॉटिश मिशनच्या कॉलेजांत, संस्कृत शिकविण्याचें काम त्यांस मिळालें, आणि त्यामुळें सर्व कुटुंब मुंबईस आलें. शास्त्रीबुवांच्या मुलानें शास्त्रीच व्हावयाचें, अशी तेव्हांची रीत होती. पण या मुलाचा हात पोथीपेक्षां पेन्सिलीकडे अधिक वळे. १८८५ सालीं तो जे. जे. कलाशाळेंत दाखल झाला, आणि पुढें बडोद्यास श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राज्यांत निघालेल्या कलाभवनांत गेला. तेथें चित्रकला झाली, मातीचे व लांकडाचे नमुने करणें झालें, छायाचित्रण झालें, ठसे तयार करणें झालें. अहमदाबादच्या प्रदर्शनांत १८९२ सालीं त्यांनीं आदर्श नाट्यगृहाची एक प्रतिकृति मांडली, आणि तिला सुवर्णपदक मिळालें. कलाभवनाचे चालक प्रो. गज्जर यांनीं या तरुणास ओळखलें. संस्थेचें छायाचित्रणाचें दालन व प्रयोगशाळा त्यांनीं त्यास वापरूं दिली, आणि ठशांची कला शिकण्यास रतलामला पाठविलें. शिक्षकानें शिष्याच्या हातीं आपली प्रयोगशाळा सोंपवावी, ही गोष्ट बोलण्यास सोपी वाटते. करणारे थोडे असतात.

आपल्या मांजरसुंब्याकडेही प्रत्येक आळींत असा एखादा मुलगा असतोच. कोणी तारेची गाडी करतो, कोणी बंद पडलेलें घड्याळ उघडून बसतो, कोणी मोडक्या पेटीच्या फळ्यांचें कबुतरखानें उभारतो. चारदोन सोबती त्याच्याभोंवतीं गोळा होतात, आणि घरांत मात्र बोलणीं बसतात. फाळके यांच्याविषयींही त्यांच्या आप्तांस हीच काळजी वाटत असावी. कारण एक विद्या हातीं आली न आली तों ते दुसरीकडे वळत. पुढें काय झालें हें आपणांस माहीत असल्यामुळें आपण त्यांना बहुगुणी म्हणतों. त्या वेळीं पाहणारास ते केवळ चंचल दिसले असतील.

१८९५ च्या सुमारास त्यांनीं गोध्रा येथें छायाचित्रकाराचा धंदा मांडला. तेथें त्यांच्यावर मोठा घाला पडला. १९०० सालच्या प्लेगांत पत्नी व अपत्य दोन्ही गेलीं. ते बडोद्यास परतले, तों तेथें लोकांत अशी समजूत पसरलेली कीं, छायाचित्र काढल्यानें अंगांतील शक्ति शोषली जाते आणि मनुष्य मरतो. धंदा बसला. मग नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्याचें काम त्यांनीं पत्करलें. याच काळांत बडोद्यास आलेल्या एका जर्मन जादुगाराशीं त्यांची ओळख झाली, आणि त्याच्यापाशीं ते हातचलाखी शिकले. आपल्या आडनांवाचीं अक्षरें उलटीं करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नांवानें त्यांनीं प्रयोगही केले. शोकांत बुडालेल्या मनुष्यानें जादूचे खेळ करावे याचें कोणास नवल वाटेल. मला वाटतें, हातांना काम असलें म्हणजे मन तग धरतें, हें त्यांना कळलें होतें. शिवाय पाहणाराची नजर कोठें फसते, हें ज्ञान त्यांना याच खेळांनीं दिलें, आणि पुढें पडद्यावर देव प्रकट करतांना व अदृश्य करतांना तें पुरतें उपयोगास आलें.

१९०२ सालीं त्यांचा दुसरा विवाह झाला. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांच्या नात्यांतील ही मुलगी. सासरीं तिचें नांव सरस्वती ठेवलें. हें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढील वर्षीं फाळके यांस सरकारच्या पुराणवस्तु खात्यांत छायाचित्रकाराची नोकरी मिळाली. पण १९०६ च्या सुमारास ती सोडून ते लोणावळ्यास छापखाना काढून बसले. हा छापखाना पुढें दादरला गेला, आणि ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ या नांवानें गाजला. रंगीत छपाईचीं यंत्रें आणण्यासाठीं १९०९ सालीं ते जर्मनीसही जाऊन आले. परंतु भागीदारांशीं पटलें नाहीं, आणि उभें केलेलें सारें तेथेंच ठेवून ते रिकाम्या हातांनीं बाहेर पडले. वय चाळीस, पदरीं मुलेंबाळें आणि धंदा कांहींच नाहीं, अशी त्यांची स्थिति होती.

अशा वेळीं, १९१०–११ च्या दरम्यान, गिरगांवांतील एका तंबूवजा चित्रगृहांत त्यांनीं प्रभु येशूच्या चरित्राचा विलायती मूकपट पाहिला. त्यांत सांगितलेली कथा आमच्या घराघरांतील आहे, त्यामुळें ही हकीगत वाचतांना आम्हांस सहजच आपलेपणा वाटतो. फाळके यांच्या मनांत मात्र पडद्यावरील प्रसंग सरकत असतां राम, कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ हीं उभीं राहत होतीं. परक्या देशांतील लोक आपल्या श्रद्धेची कथा अशी हलती-चालती करून दाखवितात, तर आपल्याकडील कथा आपल्याच माणसांनीं कां दाखवूं नयेत, या विचारानें त्यांची झोंप उडाली. दुसऱ्या वेळीं ते पत्नीस बरोबर घेऊन गेले. पहिली मसलत घरांतल्याच माणसाशीं झाली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

यानंतरचे कांहीं महिने म्हणजे छंदाचें वेड काय असतें याचा नमुनाच आहे. त्यांनीं किंमतपत्रकें मागविलीं, पुस्तकें जमविलीं, एक लहानसें यंत्र व फितींचे तुकडे विकत आणले. मेणबत्तीचा उजेड भिंगांतून भिंतीवर पाडून रात्रीं घरांतच चित्रें दाखविण्याचा खेळ चाले. दिवसा मुंबईंतील चित्रगृहें पालथीं घालावयाचीं आणि रात्रीं हे प्रयोग करावयाचे. झोंप अशी उरलीच नाहीं. डोळ्यांवर इतका ताण पडला कीं, त्यांची दृष्टि गेली. डॉ. प्रभाकर यांनीं उपचार करून व चष्मे देऊन ती परत आणली. घरच्यांनीं हे दिवस कसे काढले असतील, याची कल्पना पालकांनींच करावी.

विलायतेस जाऊन विद्या व यंत्रें आणल्यावांचून गति नव्हती, आणि त्यासाठीं पैसा नव्हता. फाळके यांनीं आपली विम्याची पॉलिसी तारण ठेवली. छायाचित्रणाच्या साहित्याचा व्यापार करणारे त्यांचे स्नेही यशवंतराव नाडकर्णी मदतीस आले. १ फेब्रुवारी १९१२ रोजीं ते लंडनला निघाले. तेथें त्यांची ओळख कोणाशीं असणार? रस्त्यानें जातांना ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाची पाटी दिसली. तें पत्र ते मुंबईस वाचीत असत. सरळ आंत गेले आणि संपादक कॅबोर्न यांस भेटले. त्या गृहस्थांनीं प्रथम त्यांना या फंदांत न पडण्याचाच सल्ला दिला. पण समोरचा मनुष्य हटत नाहीं हें पाहून त्यांनीं वॉल्टन येथील चित्रपटकर्ते सेसिल हेपवर्थ यांच्याशीं त्यांची गांठ घालून दिली. हेपवर्थ यांनीं आपली चित्रशाळा मोकळेपणानें दाखविली. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फितीला भोकें पाडण्याचें यंत्र व कच्ची फीत यांची खरेदी व मागणी करून एप्रिलच्या आरंभीं फाळके घरीं परतले.

आतां दादरच्या घराकडे वळूं. मुख्य रस्त्यावरील ‘मथुरा भवन’ नांवाच्या बंगल्यांत त्यांनीं बिऱ्हाड हलविलें होतें. त्याच रस्त्यास पुढें दादासाहेब फाळके यांचें नांव दिलें गेलें. बंगल्याच्या आवारांत कांचेची एक खोली उभारली, घरांतली एक खोली अंधारी केली, आणि फीत धुण्याची व्यवस्था लाविली. राहत्या जागेची अशी उलथापालथ केली असतां गृहिणीस काय वाटतें हें सांगावयास नको. येथें तर गृहिणीच पहिली मदतनीस झाली.

त्या काळीं कच्ची फीत भोकांवांचून येई. कॅमेऱ्याचे दांते फितीला पुढें ओढतात ते भोकांत अडकून. म्हणून भोकें एकसारख्या अंतरावर पडलीं पाहिजेत, आणि उजेडानें फीत नासते म्हणून तीं अंधारांत पाडलीं पाहिजेत. हें काम सरस्वतीबाईंनीं शिकून घेतलें. विद्यार्थ्यांनीं एक हिशेब करून पाहावा. एक फूट फितीवर सोळा चित्रें बसतात. प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांस चार-चार भोकें असतात. म्हणजे फुटाला एकशें अठ्ठावीस भोकें झालीं. पहिल्या चित्रपटाची लांबी सुमारें ३,७०० फूट होती. गुणाकार केला तर ४,७३,६०० भोकें होतात, आणि वायां गेलेली फीत यांत धरलेली नाहीं. दिवसभर घरकाम केलेल्या एका बाईनें हें काम रात्रीं अंधाऱ्या खोलींत केलें.

मोठ्या चित्रपटास हात घालण्यापूर्वीं फाळके यांनीं एक लहानसें चित्र तयार केलें. कुंडींत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा ठेवला, आणि ठराविक अंतरानें एकेक चित्र टिपीत सुमारें महिनाभर चिकाटीनें काम केलें. नंतर तीं चित्रें सलग दाखविलीं, तेव्हां दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल चढतो हा सारा व्यवहार अवघ्या मिनिटभरांत डोळ्यांदेखत घडला. या चित्राचें नांव ‘अंकुराची वाढ’. स्नेह्यांना घरीं बोलावून तें दाखविलें. नाडकर्णी व नारायणराव देवहारे यांची खात्री पटली, आणि कर्जाऊ रक्कम देण्यास ते तयार झाले. शंभर व्याख्यानांनीं जें झालें नसतें तें एका वाटाण्याच्या दाण्यानें केलें! तरीही पैसा कमीच पडला, आणि सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले.

आतां माणसें हवीं होतीं. कॅमेरा चालविण्यास त्र्यंबकहून लहानपणचे सोबती तेलंग यांस बोलावून घेतलें, आणि फाळके यांनीं त्यांस स्वतः ती विद्या शिकविली. हरिश्चंद्राच्या भूमिकेस दत्तोपंत दाबके मिळाले. रोहिदास झाला घरचाच मुलगा भालचंद्र. पण तारामती कोण होणार? कुलीन स्त्री सोडाच, ज्यांचा धंदाच नाचगाण्याचा त्या बायकाही या कामास तयार होत ना. शेवटीं ग्रँट रोडवरील एका खाणावळींत काम करणारा अण्णा साळुंके नांवाचा तरुण दृष्टीस पडला. त्याचे हात नाजूक होते. त्याला दरमहा दहा रुपये मिळत. फाळके यांनीं पंधरा देऊं केले, आणि हिंदुस्थानांतील पहिल्या चित्रपटास तारामती मिळाली. चित्रपटांत काम करतों असें सांगण्याची चोरी होती, म्हणून मंडळी बाहेर आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यांत नोकरीस आहों असें सांगत. थट्टेचें हें नांव एका अर्थीं अगदीं खरें होतें.

या कारखान्याचा मुदपाकखाना सरस्वतीबाईंकडे होता. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, त्यांचे कपडे धुणें, फीत भरणें व धुणें हीं कामें तर होतींच. सूर्यप्रकाश नटांच्या तोंडावर वळविण्यासाठीं पांढऱ्या चादरी धरून उन्हांत तासन् तास उभें राहण्याचें कामही त्यांनीं केलें. पहिल्या चित्रपटाचे चरित्रकार त्यांच्याविषयीं एखाद्या परिच्छेदांत आदर दाखवून पुढें जातात. त्यांचा वांटा तेवढ्यांत मावणारा नाहीं, असें माझें मत आहे.

सहा महिने व सत्तावीस दिवसांत काम पुरें झालें. २१ एप्रिल १९१३ रोजीं ऑलिंपिया नाट्यगृहांत निमंत्रितांस ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविण्यांत आला, आणि ३ मे रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत तो सर्वांस खुला झाला. लोकांच्या उड्या पडल्या. कर्ज फिटलें, अब्रू राहिली, आणि घरांतल्या खटाटोपास एकाएकीं उद्योगाचें रूप आलें.

त्याच वर्षीं फाळके यांनीं आपला संसार व कारखाना नाशिकला नेला. ‘मोहिनी भस्मासुर’ या दुसऱ्याच चित्रपटांत दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमलाबाई यांनीं कामें करून स्त्रियांना पडद्याचें दार उघडलें. १९१४ सालीं दादासाहेब आपले चित्रपट घेऊन पुन्हां लंडनला गेले. तेथें त्यांची वाहवा झाली, राहण्याचा आग्रहही झाला, परंतु आपली माणसें सोडून परक्या ठिकाणीं बसण्यास ते तयार नव्हते. इतक्यांत महायुद्ध पेटलें, आणि पैसा देणारे मागें सरले. मोठे चित्रपट काढणें जमेना, तेव्हां त्यांनीं लहान-लहान चित्रें काढलीं. त्यांतील एक ‘आगकाड्यांची मौज’. आगपेटींतल्या काड्या कॅमेऱ्यापुढें थोड्या-थोड्या सरकवून त्यांच्या आकृति हलविण्याचा हा खेळ. दिवाळें दाराशीं आलें असतां काड्यांशीं खेळत बसणारा हा मनुष्य पाहिला म्हणजे हंसूंही येतें आणि हेवाही वाटतो. १९१७ सालच्या ‘लंकादहन’ या चित्रपटांत साळुंके यांनीं राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. त्याची मिळकत नाण्यांच्या पोत्यांनीं बैलगाडींतून न्यावी लागली, अशी आख्यायिका आहे. पुढें ‘कालियामर्दन’ मध्यें दादासाहेबांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. कारखाना मोठा झाला तरी घरांतलीं माणसें त्यांतून सुटलीं नव्हतीं.

१९१८ च्या आरंभीं धनिक भागीदारांसह ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. आतां पैशाची ददात नव्हती. तरी छापखान्यांत घडलें तेंच पुन्हां घडलें. भागीदारांचें म्हणणें, खर्च आंवरा आणि मुदतींत काम द्या. दादासाहेबांचें म्हणणें, मनाजोगें होईपर्यंत हातचें सोडणार नाहीं. दोष कोणाचा? स्नेह्यांनीं दिलेला पैसा विश्वासानें दिलेला असतो, भागीदाराचा पैसा हिशेब मागतो, आणि हिशेब मागणें गैर नाहीं. पण ज्यानें प्रत्येक काम हौसेनें व आपल्या माणसांच्या संगतींत केलें, त्यास दुसऱ्याच्या वहींत आपला दिवस मांडलेला पाहवत नाहीं. दादासाहेब हट्टी होते व खर्चाच्या बाबतींत सैल होते, हें त्यांच्या भक्तांनींही मान्य केलें पाहिजे. रुसून ते कुटुंबासह काशीस गेले, तेथें ‘रंगभूमि’ हें नाटक लिहिलें, आणि दोनएक वर्षांनीं परत कंपनींत आले; परंतु पहिली गोडी आली नाहीं.

मग बोलपट आला. ‘सेतुबंधन’ हा त्यांचा शेवटचा मूकपट १९३२ चा. कोल्हापुरास काढलेला ‘गंगावतरण’ हा बोलपट १९३७ चा. तेव्हां त्यांचें वय सदुसष्ट होतें. त्यानंतर काम मिळालें नाहीं. ज्या उद्योगावर हजारों कुटुंबें पोसलीं जाऊं लागलीं, त्याचा मूळ पुरुष नाशिकला हलाखींत दिवस काढीत होता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं तेथेंच त्यांचें देहावसान झालें.

त्यांच्या बहुतेक फिती नष्ट झाल्या. त्या काळची फीत फार ज्वालाग्राही असे, आणि जपून ठेवण्याची दृष्टि कोणास नव्हती. जे थोडे तुकडे वांचले त्यांत १९१७ सालच्या ‘चित्रपट कसे तयार करतात’ या चित्राचा कांहीं भाग आहे. त्यांत दादासाहेब स्वतः दिसतात. ते नटांकडून काम करून घेत आहेत, मग बसून एक फीत दोन्ही हातांनीं उजेडासमोर धरून तिच्यांतलें एकेक चित्र न्याहाळीत आहेत.